तीन माध्यमिक शाळा मिळून बीएडचे छात्राध्यापक घ्यायचं चाललंय, कसं जमवायचं?

पर्यवेक्षक_दुपारसत्र

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक आहे पण पूर्ण वाचा प्लीज. मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत पर्यवेक्षक आहे, पाचवी ते दहावी. दरवर्षी बीएड कॉलेजचं पत्र येतं, मुख्याध्यापक परवानगी देतात, छात्राध्यापक (म्हणजे शिकवण्याचा सराव करायला बीएडचे विद्यार्थी) येतात, कोणता वर्ग कुणाला ते ऐनवेळी ठरतं, पाठ होतात, वहीवर सह्या होतात, शेवटच्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम आणि संपलं. जाताना ती मुलं-मुली खरंच काय शिकून गेली हे कुणी विचारत नाही आणि आमच्या विद्यार्थ्यांना त्यातून काय मिळालं हे तर त्याहून नाही.

यंदा आमच्या गावातली कन्या शाळा, गावाबाहेर सहा-सात किलोमीटरवरची एक छोटी शाळा आणि आम्ही, अशा तिघांच्या मुख्याध्यापकांचं बोलणं झालं की आपण वेगवेगळे घेण्यापेक्षा मिळून घेऊया. म्हणजे कॉलेज एकच, छात्राध्यापकांचा गट एकच, आणि तिन्ही शाळांत जिथे ज्या विषयाचा चांगला शिक्षक आहे तिथे त्या विषयाची मुलं द्यायची. कन्या शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडम फार उत्तम शिकवतात आणि त्यांची प्रयोगशाळाही वापरात असलेली आहे, नुसती कुलूपबंद नाही. आमच्याकडे गणिताचे सर आहेत. छोट्या शाळेतले भूगोलाचे सर मुलांना घेऊन ओढ्यावर जातात नि तिथे पाण्याने होणारी झीज आणि गाळाचं संचयन दाखवतात, असं शिकवणं आमच्याकडे कुणाचं नाही.

आता अडचणी. पहिली म्हणजे जो चांगला शिक्षक तोच दहावीला असतो आणि त्याच्यावरच सगळं पडतं, त्यात हे मार्गदर्शनाचं काम द्यायचं तर त्याचे तास कमी करायचे का, आणि संच मान्यतेत, म्हणजे मंजूर शिक्षकसंख्येत, आधीच गणिताला एकच माणूस असताना कमी करायचे तर कुठून. दुसरी, आम्ही दुपार सत्रात, कन्या शाळा सकाळ सत्रात, मग एकत्र बसायचं कधी. तिसरी, पालक म्हणतात नववीच्या वर्गावर शिकाऊ शिक्षक का देता. आणि चौथी, जी मला सगळ्यात जास्त खुपते, कोणी शिक्षक रजेवर गेला की सगळ्यांची नजर पहिली छात्राध्यापकांकडे जाते.

कुणी असं शाळा-शाळांनी मिळून केलंय का? कॉलेजच्या बाजूचे लोक असतील तर त्यांनीही सांगा.

---

बीएड_प्राध्यापिका

सर, आधी मनापासून आभार, शाळेकडून असा प्रश्न येणं हीच आमच्यासाठी मोठी गोष्ट आहे, कारण एरवी आम्हीच दारोदार परवानगी मागत फिरतो.

नियमाचं थोडक्यात सांगते म्हणजे पत्र करताना उपयोग होईल. एनसीटीई म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, तिच्या २०१४ च्या नियमांनी बीएड एक वर्षाचं दोन वर्षांचं झालं आणि शाळेतली इंटर्नशिप एकूण २० आठवड्यांची झाली, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. त्याआधी २०१२ मध्ये न्या. जे. एस. वर्मा आयोगाचा अहवाल आला होता, शिक्षक घडवण्याच्या कार्यक्रमात शाळेतला प्रत्यक्ष अनुभव वाढला पाहिजे या मताला त्यातून जोर मिळाला. इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते, बाकी कामाला ८०. सुरुवातीचा एक आठवडा नियमित शिक्षकाचा वर्ग नुसता बघण्यासाठी आहे, आणि शिकवायचं दोन स्तरांवर आहे, सहावी ते आठवी आणि नववी व त्यापुढचे वर्ग. आता तुमच्या कामाचा मुद्दा, १००० पर्यंत पट असलेल्या शाळेत १० पेक्षा जास्त छात्राध्यापक द्यायचे नाहीत आणि २००० पर्यंत पट असेल तर २०. आमच्या एका युनिटला, म्हणजे तुकडीला, विद्यार्थी ५०. म्हणजे गणित तुम्हीच करा, एका शाळेत सगळे कोंबता येतच नाहीत, पाच-सहा शाळा लागतातच, आणि त्या जर एकमेकांशी बोलत असतील तर आमचं अर्धं काम सोपं होतं.

तुमची कल्पना नवी नाही, पण ती कागदावर राहिलेली आहे म्हणून तुम्ही करताय ते महत्त्वाचं. शाळा संकुल म्हणजे जवळच्या शाळांनी माणसं आणि साधनं वाटून घ्यावीत हे कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये मांडलं आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ते परत आलंय.

आमच्या बाजूची अडचणही सांगते. एका प्राध्यापकाकडे दहा-बारा विद्यार्थी, ते चार गावांत पसरलेले, दिवसाला दोन पाठ नीट बघून झाले तरी खूप. मग काय होतं, शेवटच्या बाकावर बसून पहिली दहा मिनिटं बघायचं, वहीवर शेरा लिहायचा की "फलक लेखन चांगले, आवाज स्पष्ट ठेवावा" आणि पुढच्या वर्गाकडे पळायचं. त्या शेऱ्याने कुणी शिक्षक होत नाही. खरा शिकवणारा तुमच्या शाळेतलाच शिक्षक असतो जो रोज त्याच मुलांसमोर उभा राहतो. म्हणून मार्गदर्शक शिक्षक कोण हे आधी ठरवा आणि त्यांनाच विचारून ठरवा, पाट्या टाकल्यासारखं वाटून देऊ नका.

आणि वेळ! सीईटीचे प्रवेश लांबतात त्यामुळे पहिल्या वर्षाचं वेळापत्रक आमच्या हातात राहत नाही, पण दुसऱ्या वर्षाचे १६ आठवडे शाळा सुरू झाली की जूनच्या शेवटी-जुलैत सुरू करता येतात. दिवाळीच्या आत संपवा. दिवाळीनंतर घेतलं की सराव परीक्षा, तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिकं, त्यात शाळेला छात्राध्यापक म्हणजे ओझं वाटायला लागतं आणि त्यांनाही वर्ग मिळत नाहीत.

---

गणिताचाच_तास

मी बरीच वर्षं मार्गदर्शक शिक्षक म्हणून काम करतोय त्यामुळे सविस्तर लिहितो. सर, तुमच्या पहिल्या अडचणीचं उत्तर मिळालं नाही तर बाकी काहीही केलं तरी उपयोग नाही. मार्गदर्शकाला वेळ द्यावाच लागतो आणि तो वेळापत्रकात छापलेला असावा लागतो. "मधल्या सुट्टीत बोलून घ्या" याला वेळ म्हणत नाहीत, मधल्या सुट्टीत मी डबा खाऊ की पालकांशी बोलू की वह्या तपासू. आठवड्यात दोन तासिका पुरतात, जास्त नको. त्या कुठून आणायच्या, तर छात्राध्यापक वर्ग घेत असतो तेव्हा मी वर्गात बसलेला असतो, म्हणजे शिकवण्याचा ताण तिथे कमी होतोच, त्या बदल्यात मला परिपाठाची ड्युटी, पोषण आहाराचं रजिस्टर, कुठल्या तरी ऑनलाइन माहितीचं काम यातलं एखादं काढून घ्या. आमच्या मुख्याध्यापकांनी तेच केलं. दहावीचा तास एकही कमी झाला नाही.

आता वर्गात बसण्याबद्दल. बरेच शिक्षक छात्राध्यापक आला की वर्ग त्याच्या हवाली करून स्टाफरूममध्ये जातात. माझं म्हणणं आहे की निदान पहिला दीड महिना अजिबात जायचं नाही. का ते एका प्रसंगावरून सांगतो.

नववीचा वर्ग, वास्तव संख्या, करणींची (√२ सारख्या संख्यांची) बेरीज. छात्राध्यापिका हुशार होती, एमएस्सी झालेली, टाचण अगदी व्यवस्थित, रंगीत तक्ता, सगळं. तिने समरूप करणींची बेरीज समजावली, फळ्यावर तीन उदाहरणं सोडवली, मग विचारलं "समजलं का?" आणि वर्गाने एका सुरात "होऽऽ मॅडम". ती पुढे गेली. मी खिडकीकडच्या रांगेत मागे बसलो होतो, पुढच्या मुलाच्या वहीत बघितलं तर त्याने √२ + √३ = √५ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या, उत्तर म्हणून. शेजारच्याचं तेच, बहुतेक बघूनच. तास संपल्यावर मी तिला बाकी काही बोललो नाही, फक्त त्या दोन वह्या दाखवल्या नि विचारलं उद्या काय कराल. तिचं पहिलं उत्तर होतं, नियम परत सांगेन. मी म्हटलं नियम त्यांनी आज ऐकलाय की. मग ती बराच वेळ विचार करत बसली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या आल्या फळ्यावर √९ + √१६ लिहिलं नि म्हणाली याचं उत्तर काढा, कुणी बोलायचं नाही, नुसतं वहीत लिहा. निम्म्यांनी ५ लिहिलं, कारण √२५. निम्म्यांनी ७, कारण ३ आणि ४. मग तिने दोन्ही उत्तरं फळ्यावर लिहिली आणि म्हणाली भांडा आता. वर्गात जो काही गलबला झाला! आणि तो मागच्या बाकावरचा मुलगाच उठून म्हणाला की मॅडम मग काल माझं चुकलंय.

हे टाचणात लिहून येत नाही. पंचपदीच्या, म्हणजे पाठाच्या ठरलेल्या पाच, पायऱ्या पाठ करून येत नाही, सूक्ष्म अध्यापनात दहा मित्रमैत्रिणींना विद्यार्थी बनवून सहा मिनिटांचा पाठ घेतला तर तिथे √५ लिहिणारा कुणी नसतोच. तो खऱ्या वर्गातच भेटतो, आणि तो भेटलाय हे नव्या शिक्षकाला दिसत नाही कारण त्याचं सगळं लक्ष स्वतःच्या बोलण्याकडे नि फळ्याकडे असतं. कुणीतरी मागे बसून बघायला लागतं. मार्गदर्शकाचं काम एवढंच आहे म्हणा ना, मुलांच्या वहीत काय चाललंय ते त्याला दाखवणं.

त्याच दिवशी बोलायचं, दोनच गोष्टी बोलायच्या. दहा चुका सांगितल्या की दुसऱ्या दिवशी तो घाबरून आणखी बिघडवतो. आणि आपला वर्गही त्यांना बघू द्या, चांगला तास असेल तोच नव्हे, शनिवारचा शेवटचा तास सुद्धा, मुलं कंटाळलेली असताना आपण काय करतो ते त्यांना दिसलं पाहिजे.

---

शेवटचा_बाक

मी दोन वर्षांपूर्वी बीएड झालो, सध्या विनाअनुदानित शाळेत आहे, शिक्षक भरतीची टेट परीक्षा दिलीय नि भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलोय. छात्राध्यापक म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो.

सरांची चौथी अडचण वाचून बरं वाटलं की कुणाला तरी खुपतंय. माझी इंटर्नशिप ज्या शाळेत झाली तिचं नाव घेत नाही, तिथे आम्ही सात जण होतो आणि रोज सकाळी पर्यवेक्षकांच्या टेबलावर बदली तासांची चिठ्ठी तयार असायची. माझी मेथड, म्हणजे शिकवायचे विषय, इतिहास आणि मराठी. मला चिठ्ठीवर मिळायचं सहावी क इंग्रजी, आठवी ब विज्ञान, पीटी. वर्गात जाऊन काय करायचं तर "मुलांना गप्प बसवा". गप्प बसवणं शिकलो, हे खरं, पण आवाज चढवून. ते शिकलेलं विसरायला मला नोकरीत लागल्यावर बराच वेळ गेला. आणि ज्या वर्गाला मी शिकवणार होतो त्या वर्गावर आठवड्यात दोनदा जायला मिळायचं.

बसायला जागा नव्हती ही गोष्ट छोटी वाटेल पण लिहितो. स्टाफरूममध्ये खुर्च्या शिक्षकांच्या, आम्ही ग्रंथालयाच्या बाहेरच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसून टाचणं लिहायचो. सात आठवडे झाले तरी निम्म्या शिक्षकांना आमची नावं माहीत नव्हती, "ए बीएड" म्हणून हाक मारायचे. मुलं हे सगळं बघतात हो. ज्याला शाळाच शिक्षक मानत नाही त्याला सहावीचा वर्ग कशाला मानेल.

कागद हा वेगळाच विषय आहे. पाठ टाचण, निरीक्षण वही, इंटर्नशिप जर्नल, उपक्रम अहवाल, नियोजन, घटक चाचणी संविधान तक्त्यासकट (कोणत्या भागाला किती गुण त्याचा आराखडा), कृती संशोधन... रात्री एक-एक वाजेपर्यंत लिहायचो, बरंचसं मागच्या बॅचच्या वहीतून उतरवून, कारण वाचणारं कुणी नाही हे सगळ्यांना माहीत असतं. तुम्ही तीन शाळा मिळून कॉलेजशी बोलणार असाल तर हे नक्की बोला की कागद कमी करा, एकच वही ठेवा, आणि तीत रोज एक प्रश्न असू दे, आज कोणत्या मुलाला काय समजलं नाही आणि तुम्ही काय केलंत. एवढंच.

आणि एक, नॉन अटेंडिंगवाले घेऊच नका. सगळ्यांना माहीत आहे काय चालतं. आमच्या गटात दोघे फक्त पहिल्या दिवशी नि शेवटच्या दिवशी दिसले, हजेरीपत्रक पूर्ण भरलेलं. जे रोज यायचे त्यांच्यासाठी यापेक्षा वाईट शिकवण कुठली नसेल. तीन शाळांनी मिळून सांगितलं की सही रोजची रोज आणि शाळेतच, तर कॉलेजला ऐकावंच लागेल, एकट्या शाळेचं ऐकत नाहीत, दुसरी शाळा बघतात. मला तरी मिळून करण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो.

---

आई_नववीतल्या_मुलाची

पालकांचा उल्लेख झालाय म्हणून लिहितेय. आमचा विरोध शिकाऊ शिक्षकांना नाही हो. मागच्या वर्षी आमच्या शाळेत विज्ञानाला तीन महिने बीएडच्या मॅडम होत्या, मुलगा घरी येऊन आरसा नि टॉर्च घेऊन बसायचा, इतकं आवडायचं त्याला. पण त्या गेल्यावर नेहमीच्या सरांनी तेच धडे परत पहिल्यापासून घेतले, "ते झालं ते सोडा, आता नीट लिहून घ्या" असं म्हणून. मग मुलांनी काय समजायचं? आणि चाचणीत पोर्शन उरला तो उरलाच. कोण किती शिकवणार आणि कुठून पुढे कोण घेणार हे आधी ठरवा आणि पालक सभेत आम्हाला सांगा. आम्हाला कुणी सांगतच नाही, मुलांच्या तोंडून कळतं.

---

गणिताचाच_तास

ताई, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. आम्ही घटकच वाटून देतो, अख्खा विषय देत नाही. म्हणजे नववी अ च्या बीजगणितात तिला दोन प्रकरणं, ती तिचीच, सरावसंच तपासण्यापासून घटक चाचणीपर्यंत, आणि मी त्याच वेळी वर्गात असल्यामुळे ती गेल्यावर मला परत घ्यावं लागत नाही. दहावीचा वर्ग देत नाही, दहावीत फक्त निरीक्षण आणि कच्च्या मुलांना शाळा सुटल्यावर गटात मदत. ते मात्र खूप उपयोगी पडतं, एका शिक्षकाला पंचावन्न मुलांत जे जमत नाही ते चार-चार मुलांच्या गटात होतं.

---

छोट्या_शाळेतला_हेडमास्तर

माझी शाळा तुमच्या तिसऱ्या शाळेसारखी आहे, आठवी ते दहावी, एकेक तुकडी, शिक्षक मोजकेच. म्हणून तिसऱ्याच्या बाजूने बोलतो.

मिळून करायचं म्हटलं की मोठ्या शाळांना ते सोयीचं पडतं, आणि छोट्या शाळेला उरलेले दोघे मिळतात, तेही एसटीच्या वेळेवर येणारे नि वेळेवर जाणारे. सकाळची गाडी सव्वादहाला, आमची प्रार्थना साडेदहाला, एखादं दिवस गाडी आलीच नाही की पहिले दोन तास बुडाले. हे आधीच बोला. कॉलेजने गाडीची व्यवस्था करावी असं मी म्हणणार नाही, कुणी करत नाही, पण ज्यांची गावं त्या बाजूला आहेत अशी मुलं तिकडे द्या, एवढं तर यादी बघून करता येतं.

एकट्याला कुठेही पाठवू नका. कमीत कमी दोघे. एकाने शिकवायचं, दुसऱ्याने बघायचं, मग उलट. आमच्यासारख्या शाळेत एका विषयाला एकच शिक्षक आणि तो नेमका प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला तर छात्राध्यापकाला विचारायला माणूस राहत नाही, तेव्हा जोडीदार असला की निभावतं.

आणि माझी सूचना आहे की आठ आठवड्यांनी अदलाबदल करा. छोट्या शाळेतल्यांनी मोठ्या शाळेत आणि तिकडच्यांनी इकडे यावं. शहरातल्या तुकडीत साठ मुलं नि इथे एका वर्गात बावीस, त्यातली निम्मी ऊसतोडीला आई-बापासोबत जाणारी, दिवाळीनंतर वर्ग रिकामा व्हायला लागतो. या मुलांना कसं धरून ठेवायचं हे कुठल्या पुस्तकात नाही. उद्या यांना नोकरी लागेल ती बहुतेक आमच्यासारख्याच गावात लागेल ना, मग हे आधी बघायला नको का?

---

बीएड_प्राध्यापिका

सर, अदलाबदलीबद्दल मला थोडी शंका आहे. तुमचा हेतू पटतोच, पण आठव्या आठवड्यात कुठे मुलांची नावं पाठ झालेली असतात, कोण घाबरतं, कुणाला वाचता येत नाही पण लपवतं, हे कळायला लागलेलं असतं, आणि तेवढ्यात उचलून दुसरीकडे न्यायचं. मुलांच्या बाजूनेही ते बरं नाही, एका सत्रात तीन-तीन शिक्षक. दोन स्तरांवर शिकवण्याची अट आहे ती त्याच शाळेत सहावी-आठवी आणि नववी घेऊन पूर्ण होते. तुमच्या शाळेत आठवी आहेच.

त्यापेक्षा असं करता येईल का, पहिल्या वर्षाचे जे ४ आठवडे असतात ते छोट्या शाळेत आणि दुसऱ्या वर्षाचे १६ मोठ्या शाळेत, किंवा उलट. दोन्ही प्रकारच्या शाळा बघून होतील आणि तोडातोड होणार नाही.

---

छोट्या_शाळेतला_हेडमास्तर

हे मान्य मॅडम. पण मग "किंवा उलट" वर जोर द्या. निम्म्यांचे १६ आठवडे आमच्याकडे असले पाहिजेत. चार आठवड्यांत आमची शाळा दिसते, कळत नाही.

---

पर्यवेक्षक_दुपारसत्र

सगळ्यांचे खूप आभार, एवढं भरभरून लिहाल असं वाटलं नव्हतं. काल तिन्ही मुख्याध्यापकांना हे वाचून दाखवलं आणि काही गोष्टी ठरल्यातच जमा आहेत त्या सांगतो, चुकत असेल तर सांगा.

कॉलेजला तिन्ही शाळांचं एकच पत्र जाणार, अटी तिघांच्या सारख्या. बदली तास छात्राध्यापकांना द्यायचा नाही, अगदीच वेळ आली तर त्याच्याच विषयाचा आणि त्याच्याच वर्गाचा, आणि तोही मार्गदर्शकाला विचारून. हे आमच्या स्टाफ मीटिंगमध्ये बोललो तेव्हा कुरकुर झाली, होणारच, रजेवर कोण गेला की बाकीच्यांच्या डोक्यावर तास येतो, त्यांचंही खोटं नाही. पण मुख्याध्यापक म्हणाले की लिहून टाका. रोजची सही शाळेत, हजेरीच्या वेळी. स्टाफरूममध्ये एक टेबल आणि खुर्च्या आजच हलवल्या, प्रयोगशाळेत पडून होत्या, शेवटचा_बाक यांची पोस्ट वाचून बाकी कशाला थांबायचं असं वाटलं. गणिताच्या सरांचं ऑनलाइन माहिती भरण्याचं काम मी स्वतःकडे घेतोय.

एकत्र बसायचं ते शनिवारी, कारण शनिवारी तिन्ही शाळा सकाळच्या असतात. शाळा सुटली की कन्या शाळेत जमायचं, विषयवार, गणितवाले गणितवाल्यांसोबत, भाषावाले भाषावाल्यांसोबत, आणि प्रत्येकाने त्या आठवड्यातल्या मुलांच्या दोन वह्या आणायच्या, आपला तक्ता नाही, मुलांच्या वह्या. ही कल्पना सरळ वरच्या करणीच्या प्रसंगातून उचलली आहे. दर शनिवारी जमेल की नाही माहीत नाही, एक आड एक तरी.

छोट्या शाळेत चौघे, त्यातले दोघे भूगोलाचे, पूर्ण १६ आठवडे. पालक सभा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आहे तिथे नववी आणि आठवीच्या पालकांना कोणती प्रकरणं कोण घेणार ते सांगू.

एक राहिलेला प्रश्न. कन्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी विचारलंय की हल्ली हे छात्राध्यापक पाठाचे फोटो नि व्हिडिओ काढतात, कॉलेजला अहवालात लागतात म्हणून, आणि मग त्यातलेच स्टेटसला नि रीलमध्ये दिसतात. मुलींची शाळा आहे. काय नियम ठेवावा?

---

शेवटचा_बाक

खुर्च्यांचं वाचून काय वाटलं ते लिहिता येत नाही सर. थँक यू.

---

बीएड_प्राध्यापिका

फोटोबाबत मुख्याध्यापिकांची काळजी एकदम रास्त आहे. फोटो कॉलेजला लागतात ही सवय आमच्याच लोकांनी लावलीय, नियमात अशी काही सक्ती मी तरी राबवत नाही, माझ्या विद्यार्थ्यांना मी फळ्याचा फोटो चिकटवायला सांगते, मुलांचा नाही. तुम्ही पत्रात स्पष्ट घाला की वर्गात मोबाईल बाहेर काढायचा नाही, फोटो हवा असेल तर शाळेच्या शिक्षकाने शाळेच्या मोबाईलवर काढायचा, विद्यार्थ्यांचे चेहरे येणार नाहीत असा. विद्यार्थ्यांना स्वतःचा नंबर देणं, इन्स्टावर जोडून घेणं बंद. बावीस वर्षांच्या मुलाला नववीतली मुलं "दादा" म्हणून रिक्वेस्ट पाठवतात, त्याला नाही म्हणणं अवघड जातं, शाळेचा नियम आहे म्हटलं की त्याचीही सुटका होते. पहिल्या दिवशी तासभर बसवून हे सगळं तोंडी सांगा, आणि त्यातच सांगा की मारायचं नाही, कान पिळायचा नाही, उठाबशा नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे हे प्रत्येकाला परीक्षेपुरतं माहीत असतं, वर्गात गोंधळ झाला की आठवत नाही. आणि मुलींची काही तक्रार आली तर ती कुणाकडे जायची त्या मॅडमचं नाव छात्राध्यापकांनाही आणि मुलींनाही त्याच दिवशी कळू द्या.

---

गणिताचाच_तास

शनिवारच्या बैठकीला मार्गदर्शक शिक्षकांनाही आपापल्या वर्गातल्या दोन वह्या आणायला सांगा. नुसत्या छात्राध्यापकांच्या वर्गातल्या आणल्या की ती बैठक त्यांची परीक्षा घेतल्यासारखी होते आणि मग ते सगळ्यात चांगली वहीच आणतात.

---

पर्यवेक्षक_दुपारसत्र

हे पण घातलं. पत्राचा मसुदा सोमवारी तयार होतोय, छोट्या शाळेच्या सरांनी आधी वाचून दाखवायला सांगितलंय म्हणून त्यांच्याकडे जाऊनच येतो. मॅडम, तुमच्या कॉलेजचं पत्र कोणत्या महिन्यात निघतं तेवढं सांगा, म्हणजे आमच्याकडच्या कॉलेजला त्याच्या आधी गाठता येईल.

---

बीएड_प्राध्यापिका

आमचं मे अखेरीस निघतं. पण शाळेचं पत्र आधी आलं तर वाटपाची यादी शाळेला विचारून होते, नंतर आलं तर यादी झालेली असते. एप्रिलमध्येच द्या.